प्रस्तावना : काचेवर उतरलेले देव

१८५३ साली लंडनच्या एका प्रदर्शनात व्हेनिसचा एक नक्षीदार आरसा मांडला होता. चार्ल्स थर्स्टन थॉम्प्सन यांनी त्याचा फोटो काढला. आरसाच तो, त्यामुळे चौकटीच्या मधोमध तिपाईवरचा कॅमेरा उमटला आणि शेजारी उभे असलेले थॉम्प्सनही उमटले. १८५६ मध्ये ते साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचे, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे, पहिले अधिकृत छायाचित्रकार झाले. १८६८ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं आणि त्यांचं काम त्यांच्या बहिणीकडे आलं. तिचं नाव इझाबेल अ‍ॅग्नेस कूपर. १८९१ पर्यंत, म्हणजे भावापेक्षा जवळजवळ दुप्पट काळ, त्यांनी ते काम केलं. आरशातला भाऊ छायाचित्रणाच्या इतिहासात मानाने बसला. बहिणीची ओळख मात्र अलीकडे, एरिका लेडरमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी संग्रहालयाचा जुना पत्रव्यवहार आणि नोंदवह्या उलगडल्यावर, जगाला नीट झाली.

देवाधर्माच्या कलावस्तू संग्रहालयांसाठी टिपणाऱ्या सुरुवातीच्या स्त्री-छायाचित्रकारांवरचं हे पुस्तक मराठी वाचकासमोर ठेवताना सुरुवात या दोघा भावंडांपासून करावी असं वाटलं. कारण या क्षेत्राचा सगळा पेच त्यांच्यात दिसतो. काम तेच, जागा तीच, उपकरणं तीच. तरीही एकाची कला ठरते आणि दुसऱ्याची नोंद ठरते. नोंद ठेवणं हे बिनचेहऱ्याचं काम आहे असं एकदा ठरलं की ते कोणी केलं हे विचारायची गरज उरत नाही. मूर्ती घडवणाऱ्याचं नाव आपल्याकडेही बहुधा सापडत नाही, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण तिथे सगळेच अनाम असतात. फोटोशाळेत तसं नव्हतं. तिथे निवडक नावं राहिली आणि निवडक गेली. गेलेल्यांत बायका फार आहेत.

कूपर लाकडावर चित्र कोरणाऱ्या घराण्यातल्या. वडील जॉन थॉम्प्सन हे त्या काळचे नावाजलेले काष्ठ-उत्कीर्णक, आणि मुलीही घरात तेच काम शिकल्या. वैधव्य आल्यावर इझाबेल मुलांना घेऊन भावाच्या घरी राहायला आल्या आणि तिथे त्यांचा हात कॅमेऱ्यावर बसला. लाकूड कोरणाऱ्याची नजर प्रकाश-सावलीची असते, कुठली रेघ ठेवायची आणि कुठला भाग काळा सोडायचा हे तिला कळतं. वस्तूंच्या फोटोत नेमकं तेच लागतं.

ते काम कसं चालायचं हे थोडं जवळून पाहू. सुरुवातीच्या काळात ओल्या काचेची पद्धत होती. कलोडियन नावाचा चिकट द्राव स्वच्छ काचेवर ओतायचा, काच चारी कोपऱ्यांकडे हलकेच कलवून तो सारखा पसरवायचा, मग अंधाऱ्या खोलीत काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवायची. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात चढवायची, प्रकाश दाखवायचा आणि वाळायच्या आत परत अंधारात नेऊन धुवायची. या सगळ्याला हाताशी असायची मोजकी मिनिटं. बोटांवर चांदीचे काळे डाग पडायचे आणि ते लवकर जायचे नाहीत. मग अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर, उन्हात, काचेला कागद चिकटवून प्रत काढायची. मोठा करून छापायची सोय सहसा नसल्याने काच जेवढी, फोटो तेवढाच.

या काचेचा एक गुण आपल्या विषयाशी फार जवळून जोडलेला आहे. कलोडियनला निळा प्रकाश चटकन दिसतो, पिवळा कमी दिसतो आणि तांबडा जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे निळं आकाश कागदावर पांढरं येतं, आणि शेंदूर काळा. आपल्याकडचा शेंदरी मारुती, सिंदूरलेपन केलेला गणपती किंवा माहूरच्या रेणुकेचा मुखवटा त्या काळच्या काचेवर उतरवला तर तो काळ्या पाषाणासारखा दिसेल. डोळे आणि नथ तेवढी वेगळी. जुन्या छायाचित्रात देव काळा दिसला म्हणून तो शेंदराविना होता असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. रंगांना बऱ्यापैकी न्याय देणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आल्या. त्याआधीच्या प्रत्येक फोटोत रसायनाचं स्वतःचं मत मिसळलेलं आहे.

संग्रहालयांना हे फोटो हवे का होते? साउथ केन्सिंग्टनचे संचालक हेन्री कोल यांची धारणा अशी की उत्तम कलावस्तू ज्याच्या त्याच्या गावी राहावी, पण तिची प्रत सगळ्यांना पाहायला मिळावी. १८६७ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी युरोपातल्या राजपुत्रांच्या सह्या घेऊन कलाकृतींच्या प्रती एकमेकांना देण्याचा करार घडवून आणला. साचे, धातूच्या प्रती आणि छायाचित्रं ही त्या कराराची तीन साधनं. स्पेनमधल्या सांतियागो इथल्या चर्चचं ‘पोर्तिको दे ला ग्लोरिया’ हे भव्य शिल्पद्वार थर्स्टन थॉम्प्सन यांनी १८६६ मध्ये टिपलं ते याच धोरणातून. आपल्या सांचीच्या पूर्व तोरणाचा पूर्ण उंचीचा, सुमारे ३३ फुटांचा साचा कोल यांचे चिरंजीव हेन्री हार्डी कोल यांनी १८६९-७० मध्ये करून लंडनला पाठवला. १८७३ मध्ये साच्यांची प्रचंड दालनं उघडली. रोमचा ट्रेजनचा स्तंभ, सांतियागोचं शिल्पद्वार आणि सांचीचं तोरण ज्या काळात एका छपराखाली उभं राहिलं, त्या काळात त्या संग्रहालयाचा कॅमेरा इझाबेल कूपर यांच्या हाती होता. दालनांची उभारणी चालू असतानाचे त्यांचे फोटो आजही तिथल्या संग्रहात आहेत. बुद्धाच्या तोरणाची आणि ख्रिस्ताच्या दाराची प्रत एका मापाने मांडणारं हे जग त्या रोज पाहत होत्या. देवस्थानातून उचलून आणलेली वस्तू, देवस्थानाची प्रत, आणि त्या प्रतीचा फोटो अशा तीन पायऱ्या त्यात आहेत. प्रत्येक पायरीवर काही हरवतं आणि काही नव्यानेच दिसू लागतं.

कूपर एकट्या नव्हत्या. माद्रिदमध्ये राहणाऱ्या जेन क्लिफर्ड यांनी पती वारल्यावर, १८६३ मध्येच, प्रादो संग्रहालयातल्या ‘डॉफिनच्या खजिन्या’चे फोटो साउथ केन्सिंग्टनसाठी काढले. स्फटिक आणि सोन्याची ती पात्रं म्हणजे चकाकीचा खेळ, आणि चकाकणारी वस्तू टिपणं हे फोटोग्राफरच्या जिवावरचं काम. केंब्रिजच्या अ‍ॅग्नेस स्मिथ लुईस आणि मार्गारेट डनलप गिब्सन या जुळ्या बहिणी १८९२ मध्ये कॅमेरा शिकून थेट सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या सेंट कॅथरिन मठात गेल्या आणि बायबलच्या एका प्राचीन सीरियाक हस्तलिखिताची पानं त्यांनी फोटोंवर आणली. वर दुसरा मजकूर लिहिलेला आणि खाली जुना पुसट मजकूर, अशी ती पोथी. गर्ट्रूड बेल आपल्याला राजकारणातल्या म्हणून ठाऊक असतात, पण अनातोलियातल्या पडक्या चर्चचे त्यांचे फोटो आणि १९०९ चं त्यावरचं पुस्तक हे वेगळंच भांडार आहे. अमेरिकेच्या ल्यूसी वॉलेस पोर्टर यांनी पती आर्थर किंग्झली पोर्टर यांच्याबरोबर फ्रान्स-स्पेनच्या यात्रामार्गावरची चर्च-शिल्पं टिपली. १९२३ मध्ये त्यावर दहा खंडांचा ग्रंथ निघाला. मुखपृष्ठावर नाव पतीचं. इथेही तेच.

आता आपल्या देशाकडे. १८५७ नंतर लगेच हॅरिएट टायटलर आणि त्यांचे पती रॉबर्ट टायटलर यांनी दिल्लीपासून बनारसपर्यंत मोठ्या कागदी निगेटिव्हवर शेकडो फोटो घेतले. त्यात मशिदी, घाट, देवळं आहेत. त्यातला कुठला फोटो कोणी घेतला हे आज वेगळं काढता येत नाही, म्हणून जाणते लोक ते दोघांच्या नावे नोंदवतात. मला ही रीत फार योग्य वाटते. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी यांनी कॅमेरा आपलासा केला. हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला, तो मिसेस केनी-लेव्हिक सांभाळत. म्हणजे एकोणिसाव्या शतकाअखेर इथे बाईच्या हाती व्यवसाय म्हणून कॅमेरा आला होता. पण तो माणसांच्या चेहऱ्यांकडे वळलेला होता. देवळांकडे वळलेला कॅमेरा बहुतेक सरकारी होता, आणि सरकारी कॅमेरा पुरुषाचा होता.

या सरकारी कॅमेऱ्याने आमच्या भागाचं काय केलं, ते इथे सांगितलंच पाहिजे. आमचं उमरखेड पैनगंगेच्या अलीकडे, वऱ्हाडात. पलीकडे हदगाव, माहूर, म्हणजे पूर्वीचं निजामाचं राज्य. वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे असल्याने अलीकडच्या काठाचे अवशेष हेन्री कझिन्स यांच्या १८९७ च्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या यादीच्या कक्षेत आले. पलीकडच्या काठाला निजामाचं पुरातत्त्व खातं १९१४ मध्ये सुरू होईपर्यंत थांबावं लागलं. नदीच्या दोन्ही काठांवर देवळं त्याच घडणीची, चुन्याविना रचलेली, ज्यांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. भाविकही तेच, कारण माहूरच्या यात्रेला जाणारा माणूस कुठल्या सरकारची हद्द आहे हे बघत नव्हता. पण कागदावर हे एक जग दोन दप्तरांत विभागलं गेलं, आणि दोन्ही दप्तरांना तालुक्याच्या पातळीवरच्या छोट्या देवळांचं आकर्षण नव्हतं. अजिंठा, वेरूळ, लोणार इथपर्यंत कॅमेरा पोचला. आडगावच्या गाभाऱ्यात, ओट्यावर, पिंपळाखाली मांडलेल्या भग्न मूर्तींपर्यंत तो क्वचितच आला. नागपूरच्या अजबबंगल्यात, १८६३ पासूनच्या आपल्या सगळ्यात जवळच्या मोठ्या संग्रहालयात, विदर्भाची शिल्पं बघताना मला हेच जाणवतं : शिल्प आलं, पण ते जिथे होतं ती जागा त्याच्याबरोबर येऊ शकली नाही. जागेचा फोटो असता तर आली असती.

अजिंठ्याची गोष्ट तर प्रतींच्या बाबतीत काळजाला लागणारी आहे. रॉबर्ट गिल यांनी १८४० च्या दशकापासून तिथल्या भित्तिचित्रांच्या मोठाल्या तैलप्रती केल्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या लावल्या होत्या, १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून तेरा वर्षं खपून नव्या प्रती केल्या. त्यांतल्या कितीतरी १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनमध्येच आगीत गेल्या. गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता. जेम्स फर्ग्युसन यांच्या १८६४ च्या पुस्तकात अजिंठा-वेरूळचे त्यांचे ७४ फोटो आहेत. ते टिकले, कारण फोटोची एकच प्रत नसते.

दोनदा जळाल्यावर तिसऱ्यांदा तिथे गेली ती एक बाई. क्रिस्तियाना हेरिंगहॅम. त्या फोटोग्राफर नव्हत्या, चित्रकार होत्या, तरीही त्यांना या पुस्तकात जागा आहे. १९०९-१० आणि १९१०-११ अशा दोन हिवाळ्यांत फर्दापूरला तंबू ठोकून त्यांनी प्रती करवून घेतल्या. मदतीला डोरोथी लार्चर, कलकत्त्याहून आलेले नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्ता, के. व्यंकटप्पा आणि हैदराबादचे सय्यद अहमद व महंमद फजलुद्दीन. वाघूरच्या दरीत, वटवाघळांच्या वासात, पाठीमागे मान टाकून छताकडे बघत रंग जुळवायचा. १९१५ मध्ये इंडिया सोसायटीने त्या प्रती ग्रंथरूपाने काढल्या, पण तोवर हेरिंगहॅम यांची मनःस्थिती बिघडली होती आणि पुढचं आयुष्य त्यांनी आजारपणात काढलं. त्यांचं नाव आपल्याकडे बहुधा नंदलाल बोस यांच्या चरित्रातल्या एका ओळीपुरतं येतं. अजिंठ्याच्या चित्रांची भारतीय कलाकारांशी नव्याने गाठ घालून देण्यात या बाईचा वाटा किती मोठा होता, हे त्या ओळीवरून कळत नाही.

तिथून पुढे सह्याद्रीच्या लेण्यांत कॅमेरा घेऊन आलेल्या तिघींबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते मराठी मुलखापुरता या परंपरेचा गाभा त्यांच्यात आहे.

पहिल्या अ‍ॅलिस बोनर. राष्ट्रीयत्वाने स्विस, शिक्षणाने शिल्पकार. १९३० मध्ये नर्तक उदय शंकर यांच्याबरोबर भारतात आल्या, नर्तक-वादकांच्या शोधात फिरल्या, आणि १९३६ मध्ये बनारसच्या अस्सी घाटावर घर करून राहिल्या. वेरूळच्या शिल्पांसमोर बसून त्यांनी एक प्रश्न धरला : ही नाचती, झुंजती शिल्पं एवढी हलती असूनही स्थिर का वाटतात? उत्तरासाठी त्यांनी शिल्पांच्या छायाचित्रांवर वर्तुळं आणि त्रिज्या आखल्या, आणि त्यातून १९६२ चं गुहाशिल्पांच्या रचनातत्त्वांवरचं पुस्तक उभं राहिलं. फोटो इथे आठवण राहिला नाही, अभ्यासाचा कागद झाला. त्यांचा संग्रह पुढे झुरिकच्या रीटबर्ग संग्रहालयाकडे गेला. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला. वर्तुळाच्या मांडणीबद्दल विद्वानांत मतभेद आहेत आणि ते असायलाच हवेत. मला स्वतःला त्यांची प्रत्येक आखणी पटत नाही, पण शिल्पासमोर इतका वेळ थांबणारं माणूस दुर्मीळ, आणि त्या थांबण्याला मी मोल देतो.

दुसऱ्या स्टेला स्नीड. चित्रकार म्हणून सुरुवात, १९६० च्या दशकात मुंबईत मुक्काम, आणि भारतभरच्या शिल्पांतले प्राणी शोधण्याचा ध्यास. हत्ती, नंदी, मकर, सिंह. देवाच्या पायाशी दुर्लक्षित राहणाऱ्या वाहनाला त्यांनी फोटोच्या मध्यभागी आणलं. त्यांच्या या फोटोंचं पुस्तक १९८९ मध्ये वेंडी डॉनिजर आणि जॉर्ज मिशेल यांच्या लेखांसह निघालं.

तिसऱ्या कार्मेल बर्कसन, न्यूयॉर्कच्या, याही शिल्पकारच. १९७० च्या दशकात भारतात आल्या त्या मुंबईच्याच झाल्या. घारापुरी, वेरूळ, औरंगाबादची लेणी हे त्यांचं कार्यक्षेत्र. १९८३ चं घारापुरीवरचं पुस्तक, १९८६ चं औरंगाबादच्या लेण्यांवरचं, १९९२ चं वेरूळवरचं. औरंगाबादच्या लेण्यांकडे अजिंठा-वेरूळच्या घाईतला पर्यटक फिरकत नाही, त्यांनी ती पुस्तकाच्या मानाला चढवली. त्यांच्या फोटोंत मूर्ती तुमच्याकडे बघत नाही, तिच्या अंगावरून प्रकाश सरकताना दिसतो. गुहेत प्रकाश फक्त दारातून येतो, दिवसभरात त्याची जागा बदलते, आणि महिषाच्या मानेवरची देवीची टाच अमुक एका वेळीच ठसठशीत दिसते. त्या वेळेला तिथे असणं हाच त्यांचा अभ्यास. २०१० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या सगळ्यांच्या कामाकडे पाहिलं की मूर्तीचा फोटो घेण्याच्या काही वेगळाल्या रीती दिसतात. साउथ केन्सिंग्टनची रीत वस्तूला तिच्या जागेपासून सोडवते : मागे साधा पडदा, सारखा उजेड, समोरून नजर. तुलना करायला ती उत्तम. पुरातत्त्व खात्याची रीत इमारतीला महत्त्व देते, शेजारी माप कळावं म्हणून माणूस उभा करते, आणि त्या माणसाचं नाव कधीच लिहीत नाही. बोनर-बर्कसन यांची रीत शिल्पकाराची, ती दगडातली हालचाल शोधते. आणि आणखी एक रीत उशिरा आली, देवाला त्याच्या पूजेसकट टिपणारी : हळद-कुंकू, भंडारा, वस्त्र, मुखवटा, नैवेद्य, भक्तांची गर्दी. गुंथर सोंथायमर यांनी खंडोबाच्या परंपरेचं असं चित्रण केलं. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या नद्या, तीर्थं आणि यात्रा पायाखाली घालून त्यांवर लिहिलं, त्यांचं नद्यांवरचं पुस्तक १९९५ चं. संग्रहालयाच्या दृष्टीने अंगावरचा साजशृंगार म्हणजे मूर्ती झाकणारा अडथळा. भक्ताच्या दृष्टीने साज उतरवलेली मूर्ती म्हणजे आंघोळीच्या वेळचा देव, त्याच्याकडे टक लावून बघू नये. या दोन नजरा एकाच फोटोत बसत नाहीत. ज्या छायाचित्रकाराला हे उमगलं तिने दोन फोटो घेतले, एक साजासह, एक गुरवाला विचारून साजाविना. इथून पुढे काम करणाऱ्या प्रत्येकाने हीच पद्धत ठेवावी असं मी आग्रहाने म्हणेन.

गुरवाला विचारून, हे महत्त्वाचं. कारण गाभाऱ्यात बाईला प्रवेश आहे की नाही हा प्रश्न आपल्याकडे अजून जिवंत आहे. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता यावं म्हणून न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि २०१६ च्या गुढीपाडव्याला तो चौथरा खुला झाला. दुसरीकडे देवीची ओटी भरायला बाईच लागते. नवरात्रात देवीच्या अगदी समोर, हातभर अंतरावर, सवाष्णींची रांग असते. देवीच्या अंगावरचं लुगडं कुठल्या काठाचं, नथ कुठल्या बाजूला, हे गावातल्या बायकांना जितकं ठाऊक तितकं कुठल्याच पुराविद्येच्या अहवालात नसतं. बाईच्या हातात कॅमेरा आल्यावर नोंदीत भर पडते ती या ओळखीची. बाई आहे म्हणून तिची नजर हळवी, असलं काही मला सुचवायचं नाही. कूपर यांचे फोटो पाहा, ते विलक्षण कोरडे, मोजके आणि अचूक आहेत.

नोंद ठेवण्याची वृत्ती इथे बाहेरून आली असं मानायचंही कारण नाही. महानुभावांची ‘स्थानपोथी’ ही चक्रधरस्वामींच्या पदस्पर्शाने पावन झालेल्या स्थानांची चौदाव्या शतकातली नोंद. देऊळ कुठल्या तोंडाचं, ओटा कुठल्या दिशेला, वाट कुठून, हे ती इतक्या काटेकोरपणे सांगते की आजही तिच्या आधाराने जागा शोधता येतात. महानुभावांचं रिद्धपूर आमच्याच वऱ्हाडातलं. त्या पंथातल्या महदंबेसारखी चौकस, प्रश्न विचारणारी बाई मराठीच्या आरंभालाच उभी आहे. शब्दांनी नोंद करण्याची ही शिस्त आणि काचेवर नोंद करण्याची ती शिस्त यांची गाठ मात्र कधी पडली नाही. विसाव्या शतकात डॉ. शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या लेखांचं केलेलं काम त्या गाठीच्या सगळ्यात जवळ जातं. पायऱ्या चढून, शाईचे ठसे घेऊन, अक्षर न् अक्षर लावून त्यांनी ते लेख ग्रंथबद्ध केले.

हे सगळं आज का वाचायचं? एक कारण अगदी रोकडं आहे. मूर्ती चोरीला जातात, आणि चोरीला गेलेली मूर्ती आपली होती हे सिद्ध करायला फोटो लागतो. तामिळनाडूतल्या श्रीपुरंतान गावचा कांस्य नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात जाऊन बसला होता. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने १९९४ मध्ये तो त्याच्या देवळात टिपलेला होता, म्हणून दावा उभा राहिला आणि २०१४ मध्ये नटराज परत आला. त्या संस्थेत १९५६ पासून देवळांचे फोटो साठवले जात आहेत, त्यांची संख्या लाखाच्या पुढे आहे. बुंदेलखंडातल्या लोखरी गावच्या योगिनींवर विद्या दहेजिया यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात लिहिलं होतं. तिथून गेलेली महिषमुखी योगिनी पॅरिसमधून २०१३ मध्ये दिल्लीला परतली, अजामुखी योगिनी इंग्लंडमधून २०२२ मध्ये. आडगावी जाऊन एका बाईने केलेल्या अभ्यासाला किती वर्षांनी कोणता अर्थ येईल हे करताना कोणालाच ठाऊक नसतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही वस्तूच्या नोंदणीला फोटो जोडावा लागतो. आमच्या भागातल्या किती गावांच्या मूर्तींचा असा फोटो कोणाकडे आहे?

दुसरं कारण चोरीपेक्षा मोठं आहे आणि त्यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. जीर्णोद्धार. वर्गणी जमते, भक्तिभाव उतू जातो, आणि हेमाडपंती खांबांवर ऑइलपेंट चढतो, फरशीखाली जुना शिलालेख जातो, झिजलेली मूर्ती विसर्जित होऊन तिच्या जागी संगमरवरी येते. देव गावाचा आहे, त्याला नवं करायचा अधिकारही गावाचाच, हे मी मनापासून मानतो. पण कामाला हात लावण्याआधी एक दिवस फोटोसाठी ठेवायला काय हरकत आहे? आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि तरी मूर्तीचे फोटो नाहीत. जे आहेत त्यांत मूर्ती मागे आणि आपण पुढे.

तिसरं कारण नावांचं. होमाई व्यारावाला यांच्यासारख्या पुढे देशभर गाजलेल्या छायाचित्रकार बाईचे सुरुवातीचे फोटोही पतीच्या नावाने छापले गेले. त्यांचं नाव त्यांच्या हयातीतच परत मिळालं. संग्रहालयांच्या तळघरांतल्या काचा अजून वाट पाहत आहेत. महाराष्ट्रातल्या संग्रहालयांची, महाविद्यालयांच्या इतिहास विभागांची, जुन्या फोटोस्टुडिओंची दप्तरं उघडली तर तिथेही कोणी सापडेल, असा माझा विश्वास आहे. स्टुडिओ नवऱ्याच्या नावाचा, पण अंधाऱ्या खोलीतलं धुणं, छपाई, रंगभरणी आणि वही घरातल्या बाईकडे, असं चित्र जुन्या पिढीतल्या बहुतेकांच्या ओळखीचं आहे. त्या वह्या रद्दीत जाण्याआधी पाहायला हव्यात.

या पुस्तकाचा आवाका ठरवताना चरित्रकोश करण्याचा मोह टाळला आहे. प्रत्येक बाईला चार ओळी देऊन पुढे जाण्यापेक्षा थोड्या जणींजवळ थांबावं, त्यांच्या हातातली काच, त्यांच्यासमोरची मूर्ती आणि त्यांना काम देणारी संस्था या तिन्हींकडे एकत्र पाहावं, असं धोरण ठेवलं. परदेशी संग्रहालयांत आपल्या मूर्ती कशा गेल्या हा प्रश्न टाळलेला नाही. कूपर यांचा कॅमेरा साम्राज्याच्या पैशावर चालत होता आणि हेरिंगहॅम यांचा तंबू निजामाच्या मुलखात होता, हे सांगूनच त्यांच्या कामाचं कौतुक केलं आहे. ज्या वाचकाला छायाचित्रणाचं तंत्र ठाऊक नाही त्याच्यासाठी ते साध्या शब्दांत दिलं आहे, आणि ज्याला मूर्तिशास्त्र ठाऊक नाही त्याच्यासाठी आयुधं, वाहनं, आसनं यांची ओळख ओघात येते. शेवटच्या भागात गावातल्या देवळाची नोंद कशी ठेवावी याची एक कच्ची पद्धत सुचवली आहे : देवळाचं तोंड कुठल्या दिशेला, मूर्ती कुठल्या भिंतीत, उंची किती वीत, दगड कुठला, गावात तिला काय म्हणतात, पूजा कोणाकडे, फोटो कोणत्या तारखेला आणि किती वाजता, आणि तो कोणी काढला. शाळा-महाविद्यालयांतल्या मुलींनी ती वापरून पाहावी, दुरुस्त करावी.

प्रत्येक चित्राखाली ते घेणारीचं नाव छापलं आहे. पती-पत्नीने मिळून काम केलं तिथे दोघांची नावं आहेत. जिथे नाव लागलं नाही तिथे संस्थेचं नाव घालून जागा भरलेली नाही, ती मोकळी ठेवली आहे. कोणाकडे जुनी काच, वही, पत्र किंवा घरातली आठवण असेल तर प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवावं, पुढच्या आवृत्तीत नाव घालू.

उमरखेड, जि. यवतमाळ